उणे ११०

लिनक्समध्ये प्रत्येक चुकीला एक आकडा असतो. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, डिस्कवर जागा नाही... सगळ्यांचे आकडे ठरलेले. त्यातला ११० हा आकडा मेमरी कार्डावर चालणाऱ्या यंत्रांसाठी ज्यांनी कधी सॉफ्टवेअर लिहिलंय त्यांच्या चांगलाच ओळखीचा असतो. कर्नलच्या लॉगमध्ये तो उणे चिन्ह लावून येतो. अर्थ एवढाच, की कार्डाला काहीतरी काम सांगितलं होतं आणि ठरलेल्या वेळात ते झाल्याचं उत्तर आलं नाही. मुदत संपली. टाइमआउट.

गंमत म्हणजे हाच आकडा माणसाला वाचता येईल अशा शब्दांत छापायला सांगितला तर लिनक्स ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं छापतो. कार्ड समोर खाचेत बसलेलं, नेटवर्कचा पत्ता नाही, आणि कनेक्शन कसलं? तर हे शब्द आले नेटवर्कवाल्यांकडून. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ही चूक होती (तिथे तिचा नंबर ६०), नंतर ती सगळीकडे पसरली आणि कार्डवाल्यांनी उसनी घेतली. शब्दही तेच राहिले.

तर मंडळी, या वीकेंडला या उणे ११० चा इतिहास. खरं म्हणजे दोन प्रश्नांचा इतिहास. वाट किती वेळ बघायची, हा पहिला. आणि ती वेळ संपली तर पुढे काय करायचं, हा दुसरा. पहिल्यावर खूप लिहिलं गेलंय, कारण त्याचं उत्तर आकड्यात येतं. नुकसान मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यात होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात नीट लिहिलेलं उत्तर मला कुठल्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात नाही, रेल्वेच्या नियमपुस्तकात सापडलं. म्हणून आधी आमच्या नगरकडे (आता अहिल्यानगर, पण लाइनवरच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून नगरच) वळू.

दौंड–मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली. मुंबईहून निघणारे जीआयपी रेल्वेचे दोन फाटे, एक पुण्याकडून रायचूरला जाणारा आणि दुसरा मनमाड-भुसावळकडे जाणारा, यांना जोडणारी ही मधली दोरी. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले होते. पुढे शंभराहून जास्त वर्षं ही लाइन एकेरीच राहिली. विसापूर, सारोळा, अकोळनेर, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, पढेगाव, बेलापूर (म्हणजे श्रीरामपूर), पुणतांबा, कोपरगाव... प्रत्येक दोन स्टेशनांच्या मधला तुकडा म्हणजे एक ब्लॉक, आणि त्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर यासाठी टोकनची यंत्रं असायची. नीलच्या यंत्रातून एक पोलादी गोळा बाहेर यायचा. पुढच्या स्टेशनाने होकार दिल्याशिवाय मागच्या स्टेशनातल्या यंत्रातून गोळा निघत नाही, आणि गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. गोळा पुढच्या यंत्रात पडला की ब्लॉक मोकळा.

माझ्या एका मित्राचे वडील याच लाइनवर स्टेशन मास्तर होते. त्यांना मी एकदा विचारलं, ‘काका, गाडी मागच्या स्टेशनाहून सुटली, आणि आलीच नाही, तर?’ काकांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘पॅसेंजरला दहा मिनिटं, मालगाडीला वीस.’ नंतर मी नियम शोधून वाचला. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांतला हा ६.०४. नेहमीच्या धावण्याच्या वेळेवर प्रवासी गाडीला दहा मिनिटं आणि बिगर-प्रवासी गाडीला वीस मिनिटं जास्त लागली, तर स्टेशन मास्तरने लगेच मागच्या स्टेशनाला आणि कंट्रोलला कळवायचं.

आता पुढचं बघा. मुदत संपली म्हणून ‘गाडी गेली’ असं कुणी जाहीर करत नाही. तिच्या जागी दुसरी गाडी तर मुळीच सोडत नाही. शेजारी दुसरी लाइन असेल तर तिच्यावरून त्या ब्लॉकमध्ये जाणाऱ्या गाड्या दोन्ही टोकांना थांबवायच्या, त्यांच्या ड्रायव्हर-गार्डना सावध करायचं, आणि मग हरवलेली गाडी नेमकी कुठे आहे याचा तपास करायचा. म्हणजे मुदत संपणं ही शिक्षा नाही, ती चौकशीची सुरुवात आहे. उशिरा आलेली गाडी ही अडचण असते. ती आत असताना मागून दुसरी सोडली तर अपघात होतो. काका म्हणाले, ‘गाडी लेट झाल्यानं कोणी मेलं नाही रे.’

हे डोक्यात ठेवा, आणि आता फ्लॅशकडे चला.

फ्लॅश मेमरी ही जपानच्या तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये त्यांनी ती एका परिषदेत जगापुढे मांडली, आणि १९८७ मध्ये आज कार्डांत असते ती नॅन्ड जातीची. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवलं, कारण आतलं सगळं एका झटक्यात पुसलं जातं ते पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. (मासुओकांना कंपनीने त्या मानाने फार काही दिलं नाही. त्यांनी २००४ मध्ये दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. असो, तो वेगळा लेख होईल.)

नावातच सगळी गोम आहे. फ्लॅशमध्ये लिहिता येतं थोडं थोडं, म्हणजे एक-एक पान, पण पुसावं लागतं ते अनेक पानांचा गठ्ठा एकदम. शाळेतल्या पाटीसारखं समजा, फरक इतकाच की या पाटीवरचं एक अक्षर पुसायची सोय नाही. एक अक्षर बदलायचं तर बाकीचा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घ्या, बदललेलं अक्षर तिथे लिहा, मग जुनी पाटी पूर्ण पुसा. शिवाय प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच पुसता येते, नंतर ती झिजते. म्हणून एकच पाटी सारखी वापरून चालत नाही, सगळ्या फिरवत राहायच्या.

हा सगळा हिशोब कोणी ठेवायचा? इथे नव्वदच्या दशकात दोन वाटा फुटल्या. १९९५ च्या स्मार्टमीडिया कार्डात नुसती चिप होती, हिशोब कॅमेऱ्याने ठेवायचा. हे स्वस्त पडलं, पण जुन्या कॅमेऱ्यांना नव्या चिपा कळेनात, आणि ते कार्ड १२८ एमबीच्या पुढे कधी गेलंच नाही. दुसरी वाट सॅनडिस्क आणि सीमेन्स यांच्या १९९७ च्या मल्टिमीडिया कार्डाची, आणि त्याच्यावरून निघालेल्या एसडी कार्डाची. एसडी १९९९ मध्ये तोशिबा, मात्सुशिता आणि सॅनडिस्क यांनी मिळून जाहीर केलं. यात कार्डाच्याच पोटात एक छोटा कंट्रोलर बसवला. बाहेरच्याने फक्त ‘अमुक नंबरच्या जागी हे लिही’ म्हणायचं, पाट्यांची उलथापालथ आतल्या आत होणार.

म्हणजे कार्ड ही वस्तू राहिली नाही, तो एक संगणक झाला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत अँड्र्यू ‘बनी’ हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी हे अक्षरशः दाखवून दिलं. त्यांनी कार्डाच्या आतल्या ८०५१ जातीच्या प्रोसेसरवर स्वतःचा कोड चालवला. हो, तोच ८०५१, जो आपल्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये असायचा!

आता या आतल्या संगणकाला त्याची स्वतःची कामं आहेत, आणि ती कधी निघतील हे बाहेरच्याला कळत नाही. हजार वेळा लिहा, लगेच ‘झालं’ म्हणेल. हजार एकाव्या वेळी त्याच्या कोऱ्या पाट्या संपलेल्या असतात आणि तो साफसफाईला बसतो. साधा हिशोब करून बघा. कार्ड जर ४ एमबीच्या गठ्ठ्यांत कारभार करत असेल, आणि सेकंदाला १० एमबी या वेगाने आतल्या आत मजकूर हलवत असेल, तर एक गठ्ठा हलवायलाच ४०० मिलिसेकंद लागले. बाहेरच्याने लिहायला दिलं होतं जेमतेम ५१२ बाइट.

आणि नियम काय सांगत होता? एसडीच्या प्रमाणपत्रकात मुदतीचं सूत्र होतं. प्रत्येक कार्डात सीएसडी नावाचं १२८ बिटांचं एक रजिस्टर असतं. त्यात कार्ड स्वतःच सांगतं की मला साधारण एवढा वेळ लागतो. होस्टने, म्हणजे कॅमेऱ्याने किंवा फोनने, त्याच्या शंभर पट थांबायचं, पण वाचनाला १०० आणि लेखनाला २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त नाही. मल्टिमीडिया कार्डाला हीच पट दहा होती. (काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे वाचन पॅसेंजर आणि लेखन मालगाडी.’ :-) ) २००६ मध्ये २ जीबीच्या पुढची एसडीएचसी कार्डं आली तेव्हा कार्डाने स्वतःबद्दल सांगायची भानगडच काढून टाकली. तिथे रजिस्टरातले आकडे ठोकळेबाज, सगळ्यांना सारखे, आणि मुदत सरळ १०० आणि २५०.

माझ्या मते चूक इथे झाली. चिपचा स्वभाव मोजून मुदत ठरवणं एका काळी बरोबर होतं. पण उत्तर द्यायला आता चिप नव्हती, कंट्रोलर होता, आणि त्याचा वेळ त्याच्या आधीच्या पाच हजार लेखनांवर अवलंबून होता. कार्डं बनवणाऱ्यांत किमतीची मारामारी सुरू झाली तेव्हा हा २५० चा शब्द पाळणं कोणाच्या फायद्याचं नव्हतं. नगरला एसटी स्टँडच्या आसपास ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असलेली दुकानं होती ते दिवस आठवा. तिथे मिळणाऱ्या बिननावाच्या कार्डावर ४ जीबी लिहिलेलं असे आणि आत किती आहेत ते देवाला ठाऊक. जिथे जीबीचा आकडाच खरा नाही तिथे मिलिसेकंदांचं काय घेऊन बसलात.

लिनक्समध्ये याची किंमत कशी मोजली गेली ते बघण्यासारखं आहे. मेमरी कार्डांचा मूळ भाग कर्नलमध्ये २००४ च्या सुमारास रसेल किंग यांनी आणला. २००५ मध्ये स्वीडनच्या पिएर ओसमन यांनी त्यात एसडीची भर घातली, पुढच्या वर्षी लॅपटॉपमधल्या कार्ड वाचणाऱ्या चिपांचा ड्रायव्हर लिहिला, आणि नंतर काही वर्षं सगळा भाग सांभाळला. सुरुवातीला कोडमध्ये लेखनाची कमाल मुदत प्रमाणपत्रकाबरहुकूम २५० मिलिसेकंद होती. मग तक्रारी यायला लागल्या. २००८ च्या सुमारास तिथे ३०० आलं, आणि वर एक टिप्पणी आली. तिचा मतलब असा, की खरी मर्यादा २५० आहे पण काही टुकार कार्डांना ती पुरत नाही. (इंग्रजीतला शब्द ‘टुकार’ पेक्षा जरा जास्तच रोखठोक होता.)

५० मिलिसेकंदांनी काय होणार? पुढे काही वर्षांत तो आकडा थेट ३००० झाला, म्हणजे तीन सेकंद, प्रमाणपत्रकाच्या बारा पट. दरम्यान एसडीवाल्यांनीही २००९ नंतरच्या मोठ्या एसडीएक्ससी कार्डांसाठी ५०० मिलिसेकंदांपर्यंत सूट दिली. वर अशी जोरदार शिफारस केली, की कार्ड २५० म्हणत असलं तरी होस्टने ५०० पेक्षा जास्तच थांबावं. स्वतःच्याच नियमावर विश्वास ठेवू नका असं नियम करणारेच सांगतात, असं आपल्या धंद्यात नेहमी होत नाही.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. कार्ड वाचणाऱ्या प्रमाणित चिपमध्ये वाट बघायचा एक मोजणी-यंत्रणेचा भाग असतो, आणि त्याला मुदत फक्त चार बिटांत सांगता येते. तो घड्याळाचे ठोके मोजतो, कमीत कमी २ चा १३ वा घात आणि जास्तीत जास्त २ चा २७ वा घात. म्हणजे १३,४२,१७,७२८ ठोके. घड्याळ ५० मेगाहर्ट्झचं असेल तर हे झाले २.६८ सेकंद. सॉफ्टवेअर म्हणतं तीन सेकंद थांब, आणि हार्डवेअरला तीनपर्यंत मोजताच येत नाही! म्हणून ड्रायव्हरने वर आपलं स्वतःचं दहा सेकंदांचं घड्याळ लावलेलं असतं. चिपकडून काहीच हालचाल कळली नाही तर तो लॉगमध्ये तशी ओळ टाकतो. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ती पाठ असते.

आता दुसरा प्रश्न. मुदत संपल्यावर काय?

२०१२ मध्ये मी पुण्यात ज्या टीममध्ये होतो तिच्याकडे पाऊस मोजणाऱ्या एका नोंदयंत्राचं काम होतं. छोटा एआरएम बोर्ड, त्यावर बोर्डवाल्याने दिलेला कित्येक वर्षं जुना कर्नल, आणि नोंदी साठवायला एसडी कार्ड. चाचणीसाठी एक यंत्र पारनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर लावलं होतं. पारनेर म्हणजे वर्षातले दहा महिने आकाशाकडे बघण्यात जातात असा भाग. सप्टेंबरात एका रात्री तिथे जोरदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर फाइलमधली शेवटची नोंद रात्री ९ वाजून ४० मिनिटांची, आणि पाऊस सुरू झाला होता दहानंतर.

‘अवो साहेब,’ ज्यांच्या वस्तीवर यंत्र होतं ते नाना म्हणाले, ‘आंगनातलं घमेलं भरून वाहत व्हतं, आन् तुमचं मशीन पाऊस यायच्या आधीच झोपलं?’

यंत्र झोपलं नव्हतं. ते रात्रभर दर मिनिटाला प्रामाणिकपणे मोजत होतं आणि लिहायचा प्रयत्न करत होतं. लॉगमध्ये ९:४० ला एकच उणे ११०. कार्ड साफसफाईला बसलं असणार. २५० मिलिसेकंद झाले, ड्रायव्हरने मुदत संपली म्हणून लेखन फसल्याचं जाहीर केलं आणि कार्ड अजून आत कामात असतानाच पुढची आज्ञा सोडली. ब्लॉकमध्ये गाडी असताना मागून दुसरी! कामात गढलेलं कार्ड त्या आज्ञेला काय उत्तर देणार? तीही फसली. मग वरच्या थराला, म्हणजे ईएक्सटी-३ फाइल सिस्टिमला, असं कळलं की डिस्क लिहू देत नाहीये. तिने तिच्या नियमाप्रमाणे जर्नल बंद केलं आणि सगळं कार्ड ‘फक्त वाचा’ करून टाकलं. कार्ड थोड्याच वेळात मोकळं झालं असेल, पण तोपर्यंत त्याच्यावर काट मारून झाली होती. त्यानंतरची प्रत्येक नोंद हवेत गेली.

आमचं यंत्र सरकारी नव्हतं, त्यामुळे कोणाचा पंचनामा त्याच्यावर अडला नाही. पण महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईचा प्रश्न त्या आकड्याशी बांधलेला असतो. नानांच्या घमेल्याला मिलिमीटरच्या खुणा नव्हत्या. त्या रात्री ६५ च्या वर पडला की खाली, याचं उत्तर देणारी एकमेव वस्तू खांबावर लटकत होती आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

अशा वेळी पहिली सूचना हमखास येते, ती म्हणजे ‘फसलं तर लगेच पुन्हा पाठवा, तीन वेळा.’ ऐकायला शहाणपणाची वाटते. याचं काय होतं ते नेटवर्कवाल्यांनी १९८६ मध्ये भोगलं. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात, नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. उत्तर उशिरा येतंय म्हणून सगळे तेच पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी वाढत होती, आणि उत्तर आणखी उशिरा येत होतं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात यावर इलाज सांगितला. समोरच्याला खरंच किती वेळ लागतोय ते मोजत राहा आणि मुदत त्याप्रमाणे हलवा. कार्डांच्या जगात हे मोजणं फारसं आलंच नाही, तिथे आकडा ठोकलेलाच राहिला. २०११ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी स्वस्त कार्डं आतून कशी वागतात ते मोजायचं एक साधन लिहिलं, त्याने निदान लोकांना कळलं की कार्डं बाहेरून एकसारखी दिसली तरी आतला कारभार किती वेगवेगळा असतो.

रेल्वेचं उत्तर वेगळं आणि कार्डांना जास्त लागू पडणारं आहे, ते म्हणजे पाठवू नका, विचारा. आणि एसडीमध्ये विचारायची सोय पहिल्या दिवसापासून होती. १३ नंबरची आज्ञा फक्त एवढंच विचारते, ‘तू आत्ता कुठे आहेस?’ कार्ड उत्तर देतं की मी मोकळा आहे, किंवा माहिती घेतोय, किंवा आत लिहितोय. १२ नंबरची आज्ञा म्हणजे ‘थांब’. लेखन सुरळीत झालं की लिनक्स ही १३ नंबरची विचारणा करतच होता. पण चूक आली की जुना कोड त्या वळणापर्यंत पोचायचाच नाही, आधीच बाहेर पडायचा. म्हणजे सगळं ठीक असताना चौकशी, आणि बिनसलं की चौकशी बंद! २०११ मध्ये रसेल किंग यांनी हा चुकीनंतरचा भाग नव्याने लिहिला. आधी कार्डाची अवस्था विचारा. ते माहितीची देवाणघेवाण अर्धवट सोडून बसलं असेल तर ‘थांब’ सांगा. मग जमेल तर पुन्हा प्रयत्न करा, आणि काहीच जमलं नाही तर मगच चूक वर कळवा. ६.०४ पेक्षा यात फार वेगळं काही नाही.

आमच्या यंत्रात आम्ही नवा कर्नल आणू शकलो नाही, बोर्डवाल्याचे बाकीचे ड्रायव्हर जुन्यालाच बांधलेले होते. म्हणून तेवढा भाग मागे आणून जुन्यात बसवला आणि मुदत तीन सेकंद केली. शिवाय किती वेळ थांबावं लागलं त्याची नोंद ठेवायला लागलो. बहुतेक लेखनं काही मिलिसेकंदांत व्हायची. मधूनच एखादं अर्ध्या-पाऊण सेकंदाचं निघायचं. ते २५० च्या कितीतरी बाहेर होतं, आणि तरी ते कार्ड पुढचे दोन पावसाळे व्यवस्थित चाललं. नानांनी त्या काळात घमेलं अंगणातून हलवलं नाही, ते सोडा.

विचारत राहण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कार्ड खरंच मेलं असेल आणि कायम ‘आत लिहितोय’ असंच सांगत राहिलं तर? लिनक्समधली ती १३ नंबरची विचारणा कित्येक वर्षं अशा वेळी अनंत काळ फिरत राहायची, तिला मुदतच नव्हती. पुढे तिच्यावर एक मुदत घातली गेली, आणि आकडा निवडला दहा मिनिटं. पॅसेंजरइतकी! मोबाइल हातात घेऊन दहा मिनिटं थांबणारा माणूस कोण असेल माहीत नाही, पण सुरुवातीला कोणी कमी करायला धजावलं नाही. नंतर तो भाग पुन्हा लिहिला गेला तेव्हा ती मुदत दहा सेकंदांवर आली. लेखनाचा तीन सेकंदांचा आकडा मात्र कोडमध्ये तसाच आहे. त्याच्या डोक्यावरची टिप्पणी आता कार्डांना नावं ठेवत नाही. आधीचे ३०० मिलिसेकंद काही कार्डांना पुरत नसल्याचं माहीत आहे, एवढंच ती सांगते.